बुटका मारवेल

अँजेलिना माझी मैत्रीण आहे. पण तिचं गवत माझ्यापेक्षा सरस निघणं मला सहन होणार नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

चांदीपच्या फार्मवर आम्ही दोघी मारवेल गवताचं वाण सुधारतो. गवताचे चांगले ठोंब निवडायचे, मुळांसकट लावायचे, त्यातून पुन्हा निवडायचे. माझा मारवेल कंबरेच्या वर गेलेला, तिचा जेमतेम गुडघाभर. यंदा दोन्हींपैकी एकच बियाण्यासाठी जाणार होता, दुसऱ्यावर नांगर. आणि निकाल देणार होत्या गाई. मोकळ्या सोडायच्या, ज्या वाफ्यात जास्त चरतील तो वाण पुढे.

गाई शेजारच्या श्रीरंगकाकांच्या. जनावर सवयीचं खातं, म्हणून आठवडाभर आधीपासून मी त्यांच्या गोठ्यात रोज माझ्याच गवताचा भारा पोचवला. गुपचूप. अँजेलिनाने केलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं.

चाचणीच्या दिवशी चांदणी गाय थेट माझ्या वाफ्यात शिरली. मी मनातल्या मनात नाचले. तिने एक घास घेतला, दांडा चघळला, टाकला आणि सरळ अँजेलिनाच्या वाफ्यात गेली. मागोमाग बाकीच्या. तिथला पाला बुडापर्यंत साफ! माझा नुसता जळफळाट झाला.

"गोठ्यात पन दांडे टाकूनच देत होत्या," श्रीरंगकाका म्हणाले. "म्याडम एवढ्या मायेनं आनून देतात, म्हनून बोललो नाय."

अँजेलिनाने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. आता ही फार्मच्या साहेबांना सांगणार, म्हणून मी भांडायच्या तयारीतच उभी राहिले.

साहेब वाण कुणाच्या नावावर नोंदवायचा हे विचारायला आले, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "ज्ञानदा, आठवतं? या वाणाचा पहिला ठोंब तुझ्याच वाफ्यातला. बुटका म्हणून तू उपटून बांधावर टाकलेलास. मी विचारलं, तर म्हणालीस, ने की. आपण दोघींचं नाव लावू या ना."

तिने टोमणा मारला असता तर किती बरं झालं असतं!

"नको," मी मोठ्याने म्हणाले. "मेहनत तुझी, नाव तुझंच लाव."

साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. अँजेलिनाचे तर डोळे भरून आले. माझं नाव लागलं असतं, तर हा ठोंब फेकला कुणी, हेही सांगावं लागलं असतं.