नानासाहेबांचा सागवानी टब

चिंचवडात तेव्हा टब म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. पण पिंपरीला नवी कंपनी निघाली, तिथल्या रंगराव साहेबाच्या बंगल्यावर नानासाहेब पूजेला गेले आणि हात धुवायला आत शिरले ते टब बघूनच बाहेर आले. माणसाएवढं पांढरंशुभ्र भांडं, अन् त्यात आडवं पडून न्हायचं! आठ दिवस त्यांना भाकरी गोड लागेना.

"सोनबा, मला तसला टब पायजे," त्यांनी सुताराला सांगितलं. "पण लाकडाचा कर. ते चिनीमातीचं बुडाला गार लागत आसंल."

"करतो की," सोनबा म्हणाला. सोनबाला नाही म्हणता येत नाही, हे त्याच्या बायकोचं, गोजाबाईचं, लग्नापासूनचं दुखणं. पण त्या दिवशी तिनंही मान डोलावली. सोनबा बैलगाडीची चाकं करायचा, आणि गाड्यांना आता रबरी टायर यायला लागले होते. वर्षभर घरी एक चाक आलं नव्हतं. मुंबईच्या दिराचा निरोप आला होता, इकडं या, एका खोलीत तीन बिऱ्हाडं आहेत, चौथं मावेल. गोजाबाईला त्या खोलीच्या नुसत्या विचारानं धाप लागायची.

"टब बेस झाला तर रंगराव सायबाला चिठ्ठी देतो," नानासाहेब म्हणाले. "कंपनीत सुताराची जागा तुजी. आन् गळला, तर मी न्हाई तुला वळखत."

सोनबानं जीव ओतला. खिळा एक नाही. सागवानाच्या फळ्या उभ्या केल्या, चाकाला चढवतात तशी लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवली अन् वरून पाणी मारलं. धाव आवळली, फळ्या अशा चिकटल्या की मधून मुंगीला जायचं तर तिनं पोट आत घ्यावं. टब एवढा ऐसपैस की आत म्हैस बांधली तरी तिला शेपूट हलवायला जागा उरावी.

दिवाळीच्या दहा दिवस आधी टब नानासाहेबांच्या घरी पोचला. पहिली आंघोळ नरकचतुर्दशीला, हे गावभर जाहीर झालं.

त्या पहाटे अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नानासाहेब पंचा नेसून, डोक्यापासून अंगठ्यापर्यंत तेल-उटणं थापून टबात जाऊन बसले. बंबातलं कढत पाणी ओतायला सुरुवात झाली. सहा घागरी ओतल्या आणि बारा घागरी बाहेर आल्या. फटी अशा पडल्या होत्या की एका फटीतून मांजर आत गेली आणि दुसरीतून चार पिल्लं घेऊन बाहेर आली. नानासाहेब कोरडेच.

"सोनबा!" नानासाहेब ओरडले. "तांबडं फुटायला आलं! सूर्य उगावल्यावर न्हालो तर नरकात जाईन की रं मी!"

बंब रिकामा. अंगावरचं उटणं वाळून ओरडताना गालाला तडे जायला लागले. गोजाबाईच्या डोळ्यांपुढं मुंबईची खोली अन् चौथं बिऱ्हाड उभं राहिलं. ती टबाजवळ गेली, फळीवरून हात फिरवला. फळी पापडासारखी वाळलेली.

"वैनी," तिनं नानासाहेबांच्या बायकोला, इंदुताईंना, विचारलं, "ह्यो टब कुठं ठिवला हुता?"

इंदुताई म्हणजे पाणीसुद्धा धुऊन घेणारी बाई. ठसक्यात म्हणाल्या, "कुठं म्हंजे? राखेनं लखलखीत घासला अन् तांब्याच्या घागरीवानी उनात पालथा घातला. धा दिस. ओल ऱ्हाऊ दिली न्हाई मी!"

गोजाबाईला एकदम हसूच फुटलं. थांबेना. "अवं वैनी, गाडीचं चाक वाळून खुळखुळाया लागलं तर आपन काय करतो? गाडी नदीत हुबी करतो! लाकूड पानी पितं अन् फुगतं. टब गळका न्हाई, तहानलाय बिचारा!"

"मग मी उठू?" नानासाहेब.

"उठताय कुठं? उटणं लावून गावभर नाचनार व्हय?"

आठ गड्यांनी टब नानासाहेबांसकट गाडीत चढवला. पुढं सनई नव्हती एवढंच. मागं सगळं गाव. पवनेच्या घाटावर टबाला कासरा बांधून पाण्यात सोडला. फटींतून गार पाणी भसाभस आत आलं, नानासाहेबांनी "आई गंऽऽ" केलं, उटणं वाहून गेलं आणि मगच डोंगरामागून सूर्य वर आला. नरक हुकला.

लाकूड पाणी प्यायला लागलं. असं घटाघटा, की घाटाची एक पायरी उघडी पडली म्हणतात. फळ्या कुरकुरल्या, फुगल्या, एकमेकींना भिडल्या. नानासाहेबांनी तांब्यानं आतलं पाणी उपसलं. वाट बघितली. थेंब आत येईना.

"आरं, बसलं की!" नानासाहेबांना असा चेव आला की साठीचा माणूस सहा वर्षांचा झाला. "सोडा कासरा!"

"नगा सोडू!" गोजाबाई ओरडली, पण तोवर टब निघाला होता. पावसाळ्यानंतरची भरली पवना. नानासाहेब गरगर फिरत, दोन्ही काठांना हात जोडत चालले पिंपरीला. काठानं गोजाबाई धावतेय, तिच्यामागं सोनबा, त्याच्यामागं कोरडा पंचा हलवत इंदुताई: "अवं, सर्दी हुईल!" गोजाबाईला वेगळीच धास्ती. टब कुठं दगडावर आपटला तर चिठ्ठी देणाराच बुडायचा.

पिंपरीत कंपनीच्या पंपाजवळ रंगराव साहेब उभे होते. समोरून नानासाहेब येताना बघून त्यांनी चष्मा पुसला. कंपनीच्या माणसांनी गळ टाकून टब काठाला ओढला. साहेबांनी आधी नानासाहेबांना नाही, टबाला हात लावला.

"आत पाणी नाही?"

"थेंब न्हाई," धापा टाकत गोजाबाई म्हणाली.

"आमच्या लाकडी टाक्या मुंबईहून आल्या, सगळ्या गळतात. हा कोणी केला?"

सोनबा मागं सरकला. गोजाबाईनं त्याला पुढं ढकललं आणि साहेबालाच विचारलं, "सुट्टीच्या दिवशी टाक्या रिकाम्या करून उनात वाळवत आसाल?"

"हो. स्वच्छ राहाव्या म्हणून."

तिनं इंदुताईंकडं बघितलं. इंदुताईंनी तोंडाला पदर लावला, आणि दोघी अशा हसल्या की घाटावरचे कावळे उडाले.

"सोमवारपासून ये कामाला," साहेब सोनबाला म्हणाले.

"अवं," गोजाबाईनं नवऱ्याचा सदरा ओढला, "भावजींना आजच कळवा, आमी काय येत न्हाई. तुमीच या म्हणावं इकडं, तिन्ही बिऱ्हाडांना एका टबात बसवून पिंपरीपत्तुर फिरवून आणतो!"