कुंकवाने बुजलेला कान

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्या पुष्कळांना मी एखाद्या मोठ्या डब्याचं झाकण वाटतो. एका पाहुण्याने तर टेबलावर डाग पडू नये म्हणून गरम चहाचा कप सरळ माझ्या डोक्यावर ठेवला होता. त्यांचा दोष नाही. मी आहेच तसा गोल, काळा आणि बसका. पण मी झाकण नाही, माईक आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. टेबलाच्या मधोमध बसायचं, भोवतालच्या माणसांचं बोलणं तारेतून दूरच्या गावी पोचवायचं आणि तिकडचं बोलणं इकडे ऐकवायचं, हे माझं काम. त्यासाठी माझ्या पोटात एक कर्णा आहे आणि कडेला चार दिशांना चार कान आहेत, ज्याने त्याने आपापल्या बाजूचंच ऐकायचं. माणसाला दोनच असतात, तरी तो ऐकून न ऐकल्यासारखं करू शकतो. मला ती सोय नव्हती.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणारा तो कारखाना. वरच्या मजल्यावर मीटिंगची खोली होती आणि पुण्याच्या मुख्य कचेरीशी बोलायला तिथे मला बसवायचं होतं. बसवायला मुकुंदवाडीहून रत्नमाला आली. पाठीवर हत्यारांची पिशवी, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. फोन आला की ‘जय भीम’ म्हणून उचलायची आणि बोलता बोलता हातातलं काम चालूच ठेवायची. तिने टेबलाला भोक पाडून माझी तार खालून नेली, कुणी मला इकडेतिकडे सरकवू नये म्हणून खालून दोन स्क्रू पिळले, आणि सगळ्यांना बजावलं की माईक लागतोय का ते बघायला माझ्यात फुंकर मारायची नाही, टिचक्या मारायच्या नाहीत.

मग ती एकेका खुर्चीत बसून बोलू लागली. आवाज नीट जातो का ते तपासायला तिने आपल्या ओळखीचीच नावं घेतली. एका खुर्चीतून ‘मुकुंदवाडी’ म्हणाली, दुसरीतून ‘चिकलठाणा’. पुण्याहून ‘ऐकू आलं’ असं उत्तर यायचं. इतक्यात दारात चहाचा ट्रे घेऊन बानाबाई उभ्या राहिल्या. त्यांना पाहून रत्नमाला म्हणाली, “मावशी, त्या बाजूनं तुम्हीच बोला ना काहीतरी.” बानाबाईंनी पदर तोंडाला लावला, मान हलवून नको म्हटलं आणि ट्रे ठेवून निघून गेल्या. दाराकडच्या माझ्या कानाची परीक्षा राहिली ती राहिलीच.

या बानाबाई करमाडच्या बाजूच्या. त्यांच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन हिंडलेली, आणि नवऱ्यामागे अजूनही थोडी शेरडं आहेत. त्यांनी गावातल्या बायकांचा बचत गट काढला आणि कारखान्याचं कँटीन चालवायला घेतलं. खाली चुलीपाशी त्यांचा शब्द चालायचा. वरच्या खोलीत मात्र ट्रे हातात घेऊन दाराशी उभं राहायचं, कप रिकामे झाले की उचलायचे, एवढंच त्यांचं काम.

नव्याचे नऊ दिवस माझेही झाले. कारखान्याचे मोठे साहेब, राजेंद्रसाहेब, टेबलाच्या टोकाला चाकांच्या उंच खुर्चीत बसायचे आणि आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने मला दाखवायचे. मग सगळ्यांना माझी सवय झाली. बिस्किटांचा भुगा माझ्या कडेला साचला, चहाचे थेंब वाळले. झाडणाऱ्यांना ताकीद होती की विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि कचेरीतल्यांना वाटायचं की पुसणं हे झाडणाऱ्यांचं काम. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं माझं झालं. मला वाईट वाटायचं, पण मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं पोचवू शकतो, स्वतःचं नाही.

खंडेनवमीला कारखान्यात काय थाट असतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. जो तो आपापलं मशीन घासूनपुसून त्याला झेंडूचा हार घालतो. माल उचलणाऱ्या गाडीला हार, तराजूला हार, गेटवरच्या वॉचमनच्या बॅटरीलासुद्धा हार. वरच्या खोलीकडे मात्र कुणी फिरकत नसे. त्या पहिल्या वर्षी बानाबाई पेढ्यांचं ताट घेऊन वर आल्या, खोलीत कुणी नाही असं पाहून परत फिरल्या, आणि दारातच थबकल्या. माझ्याकडे बघत त्या स्वतःशी म्हणाल्या, “ह्याला कुणीच नाय व्हय?”

त्या आत आल्या. ताटातलं हळदकुंकू ओल्या बोटावर घेऊन त्यांनी आपल्या बाजूने, म्हणजे दाराच्या बाजूने, माझ्या कडेला लावलं. वर एक फूल ठेवलं आणि हात जोडले. मित्रांनो, खरं सांगतो, मला भरून आलं. पुढे दर खंडेनवमीला त्या न चुकता वर यायच्या. माझ्या कडेची बारीक बारीक भोकं म्हणजेच माझे कान, हे त्या माउलीला कोण सांगणार? ओलं कुंकू आत उतरून वाळत गेलं, आणि दाराकडचा माझा कान हळूहळू बुजला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या बाजूने कधी कुणी बोलतच नव्हतं.

मग एके दिवशी पुण्याहून बातमी आली. कँटीन काढून शहरातल्या एका मोठ्या ठेकेदाराला द्यायचं. तो तयार डबे गाडीने पाठवेल, स्वस्त पडेल, चूल नको की धूर नको. बायकांचं काम जाणार होतं. बानाबाईंच्या गटात दोघी एकट्या घर चालवणाऱ्या होत्या, त्यांच्या घरात तर दुसरी मिळकतच नव्हती. बानाबाईंनी कचेरीतल्या इंद्रजीतसाहेबांना गळ घातली की आमचं एकदा ऐकून तरी घ्या. इंद्रजीतने पुण्याला विचारलं. तिथल्या अमृता मॅडम या गोष्टीचा निर्णय घेणार होत्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, एकदा बोलू दे त्यांना.

त्या दिवशी बानाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या आणि सवयीने दाराजवळच्या खुर्चीत टेकल्या. काय बोलायचं ते त्यांनी चुलीपाशी घोकून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि पलीकडून मॅडम म्हणाल्या की काही कळत नाही, पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखं येतंय. बानाबाई मोठ्याने बोलल्या. मग ओरडून बोलल्या. तारेतून नुसता भोंगा गेला. पत्र्याच्या छताखाली मोबाइलला रेंज नव्हती. मी जिवाच्या आकांताने ऐकू पाहत होतो, पण बुजलेल्या कानात काय शिरणार! शेवटी मॅडमनी सांगितलं, काय म्हणणं असेल ते लिहून पाठवा. बानाबाईंचं तोंड एवढंसं झालं. लिहिलेल्या कागदाला कुणी उलटून प्रश्न विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इंद्रजीतनेच कशीबशी दुपारपर्यंत मुदत मागितली आणि गेटवर जाऊन रत्नमालाला फोन केला.

ती शेंद्र्यातच दुसऱ्या कारखान्यात होती, जेवण सोडून आली. तिने बॅटरीच्या उजेडात मला न्याहाळलं आणि बोटाने माझी कड खरवडली. बोट लाल झालं. ते पाहून इंद्रजीतचा आवाज चढला. हे कुणी केलं, असं त्याने विचारलं. राजेंद्रसाहेबही आपल्या खुर्चीतून वळून पाहू लागले. गटातल्या बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. कँटीनवाल्यांनीच वस्तू नासवली असं झालं, तर आधीच डळमळणारं काम त्याच क्षणी जाणार होतं. बानाबाई गप्प राहिल्या असत्या, तर कुणाला कळलंही नसतं.

“म्या लावलं, साहेब,” त्या म्हणाल्या. “दरसाली लावते. समद्या मशिनींना कुणी ना कुणी हाय. ह्याला कुणीच नव्हतं.”

रत्नमालाच्या घरी खंडेनवमी नसते. तिने ब्रशने माझी कड झाडता झाडता, वर न बघता सांगितलं, “साहेब, एवढ्या वर्षांत ह्याला मायेनं हात लावणाऱ्या या एकट्याच दिसतात.” इंद्रजीतने तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि उजेड धरला.

पण तो कान उघडला नाही, कुंकू फार आत गेलं होतं. रत्नमालाने माझे बाकीचे कान तपासले. बाजूचे दोन बिस्किटांच्या भुग्याने मंदावले होते. चौथा, राजेंद्रसाहेबांच्या खुर्चीसमोरचा, अगदी लख्ख होता. “ह्या बाजूनं आता काही जायचं नाही,” ती म्हणाली. “साहेबांच्या खुर्चीतून बोललं तर स्पष्ट जाईल. मावशींना तिथं बसावं लागेल.”

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. मित्रांनो, टेबलाखालचे दोन स्क्रू सैल केले असते, तर मला अर्धा फेरा फिरवता आलं असतं आणि तो चांगला कान दाराकडे आला असता. ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, रत्नमालाला आणि मला. तिने ती कुणाला सांगितली नाही, आणि मला बोलता येत नाही.

राजेंद्रसाहेब वाईट मनुष्य नव्हते. ते उठले, बानाबाईंना हाताने खुर्ची दाखवली आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. बानाबाई चाकांच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या. खुर्ची मागे सरकली, तशी त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. पाठ केलेलं सगळं विसरून गेल्या आणि मग मनातलं बोलू लागल्या.

“मॅडम, डब्यात भाजी येईल, भाकर येईल. पर ओव्हरटाइम लागला का हितं ऐन टायमाला सांगतेत, आज तीस मानसं जादा. त्या टायमाला डबेवाल्याची गाडी कुठं असंल? आमची चूल हितंच हाय. रोज्याच्या महिन्यात पोरं दिवस बुडाल्यावर खातेत, त्यांचं ताट झाकून ठिवतो. कुणाला साखर हाय, त्याला भात वाढत नाय. हे काय कागदावर नाय, मॅडम. ध्यानात हाय.”

मॅडमनी विचारलं की असं आयत्या वेळी खरंच होतं का. दाराशी उभे असलेले राजेंद्रसाहेब लगेच म्हणाले की हो, वारंवार होतं. पण ते बुजलेल्या कानाच्या बाजूला होते. पलीकडून प्रश्न आला, “कोण बोलतंय? काहीच कळत नाही.” साहेब पुन्हा बोलले, आवाज चढवून बोलले. पुन्हा तेच. साहेबांनी असहायपणे बानाबाईंकडे पाहिलं.

बानाबाई माझ्याकडे थोड्या वाकल्या. “आमचे साहेब हायत, मॅडम,” त्या म्हणाल्या. “ते दाराशी उभे हायत, म्हणून आवाज येत नाय. ते म्हनतेत, हे खरं हाय.”

मग मॅडमनी आणखी पुष्कळ विचारलं, आणि बानाबाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. कँटीन राहिलं. ओव्हरटाइमची माणसं दुपारीच कळवायची, असंही त्या दिवशी ठरलं.

पुढे त्या खोलीत छताला नवे माईक लागले आणि मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. बानाबाईंनी मला मागून घेतलं. वरून ओव्हरटाइमचा निरोप यायला खाली काहीतरी हवंच होतं. पुन्हा रत्नमाला आली, कँटीनच्या फळीवर तिने मला बसवलं, आणि बुजलेला कान मुद्दाम चुलीच्या, खडखडणाऱ्या पंख्याच्या बाजूला ठेवला. मग ती म्हणाली, “मावशी, बोला काहीतरी.” बानाबाईंनी पदराला हात पुसले, या वेळी पदर तोंडाला लावला नाही, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “करमाड.”

वरून इंद्रजीत म्हणाला, “ऐकू आलं.”

आता खंडेनवमीला त्या आधी मला कोरड्या ब्रशने झाडतात आणि कुंकू फळीला लावतात. माझा तो कान कायमचा गेला, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. मित्रांनो, तुम्हीही ज्याची पूजा करता त्याला एरवीही पुसत जा. आणि उद्या एखाद्या खोलीत माझ्यासारखा कुणी नवा बसवलात, तर दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही एकदा बोलून बघायला सांगा. तो मान हलवून नको म्हणेल. तरी थोडं थांबा.