पेटीतली मोकळी जागा

“मागे कोण बसलंय का बघताय, सहादेव?”

सहादेव पेटीच्या पाठीमागे अर्धा वाकून तारांचा गुंता न्याहाळत होता. तो ओशाळून उठला. “तसं न्हाई साहेब. आत एवढा ऊस पडतोय म्हनल्यावर मागून कुठंतरी बाहीर आला पायजे का न्हाई?”

शामकांतला हसू आवरेना. पुण्याहून आलेला हा तरुण इंजिनियर साखर कारखान्यात ही पेटी बसवत होता. संगमनेरपासून राहात्यापर्यंत तेव्हा एकाही घरात टेलिव्हिजन नव्हता. काय असतो ते कुणी पाहिलेही नव्हते, आणि इथे मात्र अंधाऱ्या खोलीत, खिडकीला काळे कापड लावून, गव्हाणीचे चित्र दिसत होते. गव्हाण म्हणजे उसाच्या गाड्या रिकाम्या होतात तो लांबलचक खंदक. त्याच्या तळाचा पट्टा ऊस घेऊन चरकाकडे सरकत असतो. सहादेवाची उमर त्या खंदकाच्या काठावर, हातात बांबू घेऊन ऊस सारखा करण्यात गेली होती. गुडघा गेला तेव्हा कारखान्याने त्याला खुर्ची दिली आणि खुर्चीसमोर ही पेटी.

“हे बघा,” शामकांत म्हणाला, “तिकडे शेडच्या आढ्याला जो कॅमेरा आहे, तो डोळा. त्याच्या आत काचेची नळी आहे. समोर जे असेल ते तिच्यावर उमटतं. त्याची वीज होते, ती या वायरीतून इथे येते, आणि पेटीच्या काचेवर तिचा पुन्हा उजेड होतो. झालं.”

“आनि मग ते जातं कुठं?”

“कुठे जाणार? पुढचं आलं की मागचं गेलं. पेटी नुसती दाखवते, ठेवत नाही.”

सहादेवाने मान डोलावली, पण मनातून त्याला ते पटले नाही. ज्वारीची कणगी झाडून पुसून रिकामी केली तरी तळाला चार दाणे राहतात. मग एवढी पुण्याची पेटी, दिवसभर बघून बघून काहीच ठेवत नसेल?

काम सोपे होते. ऊस फार झाला की लांब घंटा द्यायची, मग पट्टा थांबे. गव्हाणीवरच्या छगनचे नुसते लक्ष वेधायचे असले तर छोटी घंटा. बाकी वेळ बघत बसायचे. बैल माना हलवत येत, मोळ्या कोसळत, पण आवाज म्हणून नाही. सगळे राखाडी आणि मुके, पहाटेच्या झोपेत दिसावे तसे. आणि एक गंमत होती. संध्याकाळी उजेड उतरला की चालती माणसे आपल्यामागे पुसट रेघ सोडत. माणूस पुढे निघून जाई आणि त्याची सावली क्षणभर तिथेच रेंगाळे. सहादेव गालात हसे. न्हाई म्हनत्यात, पन ठेवती. थोडं का हुईना, ठेवती.

त्याची बायको बनुबाई दुपारी भाकरी घेऊन यायची. तो गव्हाणीवर होता तेव्हा फडके कठड्यावर ठेवून, खाली बघत निघून जायची. आता ती ते छगनच्या हाती द्यायची आणि छगन खोलीत आणून पोचवायचा.

“आज कठड्यापाशी उभी राहून नाक शिंकरलंस तू,” एके रात्री सहादेव सहज म्हणाला.

चुलीपुढे बसलेली बनुबाई दचकली. “आवं, तुमाला कुनी सांगितलं?”

“पेटीत बघितलं.”

“मी दिसते त्या पेटीत?”

“दिसतीस की.”

“आगं बया!” म्हणत तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ती आली ती तोंड धुऊन, ठसठशीत कुंकू लावून. छगनला तिने काहीतरी विचारले. छगनने बोट वर केले. मग ती कठडा आणि दिव्याचा खांब यांच्या मधल्या जागेत उभी राहिली, पदर सारखा केला आणि मान वर करून थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघितले.

खोलीत सहादेव खुर्चीवरून उठलाच. आधी त्याने नजर बाजूला वळवली, सवयीने. त्यांच्या घरात सासू, दीर, थोरल्या जावा, अशी भरली वस्ती. सुनेने चारचौघांत नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाही, बोलायचे ते भिंतीशी किंवा चुलीशी. दिवा मालवल्यावर अंधार. सहादेव तिला ओळखायचा तो पावलांवरून, बांगड्यांवरून, पाठमोऱ्या आंबाड्यावरून. संसार झाला, लेकी नांदायला गेल्या, पण बायको अशी समोर उभी राहून आपल्याकडे बघते आहे, हे त्याने कधी अनुभवले नव्हते. खोलीत दुसरे कुणी नाही हे ध्यानात आल्यावर तो पेटीच्या अगदी जवळ गेला. कपाळावर काळा ठिपका झालेले कुंकू. डाव्या भुवईत जुनी खोक. हसू दाबून ठेवलेले ओठ. ही एवढी देखणी होती आणि आपल्याला पत्ता नाही, असे त्याला वाटले, आणि त्याचे डोळे भरून आले.

रात्री तिने चुलीला विचारले, “दिसले का?”

“दिसलीस.”

“कशी?”

“राखाडी,” तो म्हणाला.

ती फुरंगटली. पण दुसऱ्या दिवशी राहात्याच्या बाजारातले हिरवेगार लुगडे नेसून आली. हिरवे काय नि लाल काय, पेटीत सगळ्याची राख व्हायची, पण ते तिला कोण सांगणार? हंगाम संपेपर्यंत ती रोज त्या जागेत घटकाभर उभी राहिली. सहादेव मनात म्हणायचा, बघ बाई पेटे, ठेव.

उन्हाळ्यात बनुबाईला कावीळ झाली. पाल्याचा रस झाला, दवाखाना झाला, आणि ज्येष्ठात ती गेली.

माणूस गेल्याचे दुःख सहादेवाने सोसले. सोसवेना ते पुढचे. दसरा यायच्या सुमारास त्याच्या ध्यानात आले, की डोळे मिटले तर पावले दिसतात, बांगड्या ऐकू येतात, पण तोंड दिसत नाही. फोटो तर कधी काढलाच नव्हता. घरात सगळे होते, तिची वहाण, तिची फणी, पण चेहरा कुठेच नव्हता. मग त्याला पेटी आठवली आणि तो हंगामाची वाट बघू लागला.

त्या साली दुष्काळाने ऊस थोडाच होता. चरक सुरू झाले, पण पेटीतले चित्र मळकट यायचे. म्हणून शामकांतला बोलावणे गेले. त्याने कॅमेरा काढून खोलीत आणला. “नळी गेली. नवी बसवावी लागेल.”

“साहेब,” सहादेव म्हणाला, “ती नळी फेकायच्या आधी मला माजी मान्सं बघायची हायेत तिच्यातली.”

“कोण माणसं?”

“मालकीन. मागल्या साली रोज उभी ऱ्हायची. तुमी म्हनला ठेवत न्हाई. पन रोज बघितल्यालं काय तरी ऱ्हात असंलच की.”

शामकांत हसणार होता, पण सहादेवाच्या तोंडाकडे बघून थांबला. त्याने जुन्या नळीचा कॅमेरा पेटीला जोडला आणि त्याचे तोंड कोऱ्या, चुना लावलेल्या भिंतीकडे केले. “बघा.”

समोर नुसती भिंत होती. पण पेटीत हळूहळू काहीतरी वर आले. फिकट, धुक्यातून यावे तसे. गव्हाणीचा काठ. कठडा. दिव्याचा खांब.

“ऱ्हातं की!” सहादेव ओरडलाच. “साहेब, ऱ्हातं!”

“राहतं,” शामकांत हलक्या आवाजात म्हणाला. “महिनोन् महिने एकच गोष्ट समोर असली की ती नळीवर भाजली जाते. पण जे हललं नाही तेवढंच. माणसं कुठे एवढी थांबतात, सहादेव?”

सहादेव गुडघा सावरत पुढे झाला. कठडा आणि खांब यांच्या मध्ये काही नव्हते. त्याने तिथे तळवा टेकवला. काच कोमट होती.

“हितं,” तो म्हणाला. “हितं उभी ऱ्हायची.”

“मी जरा जेवून येतो,” शामकांत म्हणाला आणि डबा तिथेच विसरून बाहेर गेला.

संध्याकाळपर्यंत नवी नळी बसली. चित्र इतके लख्ख आले, की उसाचे एकेक कांडे मोजावे. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजयीने बांधून दिलेले फडके सहादेवाने मांडीवर घेतले आणि वर पाहिले, तर छगन कठड्याला टेकून, नेमका त्याच जागेत, विडी ओढत उभा होता.

सहादेवाने छोटी घंटा दिली. छगनने वर बघून हाताने विचारले, काय? सहादेवाने पुन्हा घंटा दिली. छगनने गव्हाणीत वाकून पाहिले, पट्ट्याकडे पाहिले, काही समजेना तसा तो गोंधळून दोन पावले बाजूला सरला.

घंटा थांबली. छगन तिथूनच कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग काय उमगले कोण जाणे, त्याने विडी विझवली आणि आणखी थोडा लांब जाऊन उभा राहिला.

कठडा आणि खांब यांच्या मधली जागा मोकळी झाली. सहादेवाने फडक्याची गाठ सोडली आणि तिकडे बघत तो जेवू लागला.