दुमडीवरची पाठ

“नाही. यांना मीच घालते,” काकू म्हणाल्या.

प्रश्न सदऱ्याचा होता आणि मी तो त्यांच्या नवऱ्याला, शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांना विचारला होता.

४. कपडे घालणे. स्वतः / मदतीने / नाही.

“काकू, त्यांना करू द्या. मी नुसती बघते.”

मास्तरांनी उजवी बाही झटक्यात चढवली, वरची दोन बटणं लावली, कॉलर चापून बसवली. “झालं!” डावी बाही पाठीमागे लोंबत होती. दाढीसुद्धा उजव्या गालापुरतीच केलेली.

मेंदूच्या उजव्या भागातली गाठ काढून तीन महिने झाले होते. डोळे ठीक, हात ठीक. फक्त डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरलं नव्हतं. गाठ पुन्हा वाढू शकते, हे दोघांनाही सांगितलेलं होतं. रुग्णालयातर्फे घरोघर जाऊन मी मोजते ते एवढंच, की रोजचा दिवस अजून माणसाच्या किती हातात आहे.

९. जेवण.

“अर्धं ताट उरतं,” काकू म्हणाल्या. “मी ताट फिरवते, तर म्हणतात, अगं, परत वाढलंस?”

“पोटभर झाल्यावरही वाढते हो ही. फार लाड.”

मला हसू आलं. काकूंना नाही.

१०, ११, १२, १३. (दोन मदतीने, दोन नाही. सगळी उत्तरं काकूंची. मी खोडली, पुन्हा विचारली.)

१४. काम.

“नाही. नाहीच लिहा, ताई.” काकूंनी कमरेची किल्ली मुठीत धरली. “पंधरा दिवसांपूर्वी डावं बोट कापून घेतलं. कापड लाल झालं तेव्हा मला कळलं, यांना तेव्हाही नाही. कात्री कपाटात आहे. तुम्ही ‘नाही’ लिहिलंत की विकून मोकळी होते. रोजची धाकधूक तरी संपेल.”

“अगं, चाळीस वर्षं कापड मी कापलं आणि उत्तरं तू देतेस?”

“बोट कुणी कापलं मग?”

“त्या हातानं मला सांगितलं का, लागलंय म्हणून?” मग ते माझ्याकडे वळले. आवाज उतरला होता. “एक पाठ कापतो, ताई. सदऱ्याची. बघा, आणि मग काय ते लिहा.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी टेबलाच्या डाव्या कडेला जाऊन उभी राहिले, हात घालता येईल इतकी जवळ. काकूंनी कपाट उघडलं.

कात्री हाती येताच मास्तरांनी लगेच कापायला घेतलं नाही. आधी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि खिशात ठेवला. “हा आता गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं टेबलाला हात लावायचा नाही.” हाताच्या जागी लोखंडी वजन ठेवलं. कापड ओढत ओढत टेबलाच्या उजव्या कडेला आणलं. मग मधोमध दुमडलं.

दुमडलं!

मी आजवर किती माणसांना चाचणीच्या कागदावर अर्ध्या घड्याळात बाराही आकडे कोंबताना पाहिलंय, अर्ध्या फुलाला पूर्ण फूल म्हणताना पाहिलंय. इथे एक माणूस अर्ध्यातच काम करत होता, कारण त्याच्या धंद्यात पाठ अर्धीच आखतात. दुमड जुळली की खडूची रेघ एकाच बाजूला. खांदा, मुंढा, बगल, घेर. कात्रीचा आवाज मध्ये कुठेच तुटला नाही.

त्यांनी वरचा पदर धरून घडी उलगडली. पाठ पूर्ण होती. दोन्ही खांदे सारखे. मी टेप लावून पाहिला, सुतभरही फरक नाही.

मास्तरांचा हात कापडावरून फिरत मध्यावर आला आणि थांबला. कपाळाला आठी पडली.

“अर्धीच दिसतेय,” ते हळूच म्हणाले.

त्यांनी दुमडीच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

“असेल. दुमडीवर कापलीय म्हणजे असणारच.” मग समोर बघत, “तू आहेस ना गं तिकडे?”

काकू त्यांच्या डावीकडेच, माझ्या शेजारी होत्या. मघापासून. कापडाचा तो दुसरा खांदा चिमटीत धरून.

“आहे.”

“मग झालं.”

१४. काम. मी ‘मदतीने’वर खूण केली. कुणाची मदत, त्यासाठी खाली एक ओळ असते. लिहिलं: दुमडीची. मग स्वल्पविराम देऊन: पत्नीची. पुढची मोजणी तीन महिन्यांनी. तेव्हा खुणा कुठे सरकलेल्या असतील, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही असावं.

मी चपला घालत होते. काकूंनी कपाट बंद केलं, किल्ली फिरवली. कात्री आत गेली नव्हती. ती त्यांनी पुसली आणि टेबलावर ठेवली, मास्तरांच्या उजव्या हाताला.