पन्हळीतला पाला

पानगळ सुरू झाली की आमच्या घरात कामाची माणसं दोनच. एक मी, आणि दुसरीही मीच. आमचे हे शिडी धरतात. तेही धरताना इतक्या सूचना देतात, की वर चढलेली बाई पडायचीच असेल तर त्या सूचनांनीच पडेल.

यंदा मात्र यांनाही मी कामाला जुंपलं, कारण मुलगा येणार होता. येतो तसा तो अधूनमधून. पण या खेपेला आम्हा दोघांच्याने घर झेपतंय का, हे बघायला येणार होता. फोनवरच म्हणाला, "आई, थंडी पडायच्या आत तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला या. एवढं अंगण, एवढी झाडं, तुमच्याने होत नाही आता."

"होत नाही हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

मी वळून बघितलं, तर हे चष्मा पुसत होते. स्वच्छ चष्मा पुसत होते.

"मी फक्त कंबर दुखते म्हणालो," हे म्हणाले.

"कंबर तुमची दुखणार आणि घर मी सोडायचं, असं का?"

मुलाचं घर वाईट नाही. लिफ्ट आहे, नळ सोडला की गरम पाणी येतं. पण तिथे साखरेचा डबा कुठे ठेवलाय हे मला विचारावं लागतं. ज्या बाईला स्वतःच्या चहाची साखर विचारून घ्यावी लागते, ती त्या घरात पाहुणी म्हणून राहिली काय आणि भिंतीवर फोटो होऊन लटकली काय, सारखंच. इथून मी हलणार नव्हते. मग ठरवलं, येऊ दे त्याला. बोट ठेवायला जागा मिळता कामा नये.

रजया उन्हात टाकून बडवल्या. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. शेगडीची लाकडं फोडून भिंतीला लावून अशी रचली, की एक काढलं तर दुसरं हलू नये. छपराच्या कडेची पन्हळ मी स्वतः शिडीवर चढून साफ केली, काळा चिकट पाला मुठीमुठीने उपसून. अंगणातला सगळा पाला दाताळ्याने ओढून गोण्यांत भरला आणि गोण्या शेडमागे लावल्या. शेवटी झाडावर चारदोन पानं उरली होती. ती पडायची वाट कोण बघणार? मी काठीने पाडली.

मुलगा आला तो थेट घराभोवती फिरायला लागला, जुनी गाडी विकत घेणारा माणूस टायरला लाथ मारत फिरतो तसा. लाकडं हलवून पाहिली, खिडकीवर तळवा धरून वारा येतोय का बघितलं, पन्हळीकडे मान वर केली. मी मागेमागे हात बांधून.

"कोणाला बोलावलं होतंस कामाला?"

"तुझ्या बापाला."

"म्हणूनच बाबा सरळ उभे राहत नाहीयेत का?"

यांना तेवढ्यापुरतं तरी सरळ उभं राहता आलं असतं. पण नाही.

नात मात्र फाटकाशीच उभी राहिली होती. तिच्या पायांत नवेकोरे लाल गमबूट. सूनबाई म्हणाली, गाडीत वाटभर एकच जप चालला होता, आजीच्या अंगणात पानांच्या ढिगात उड्या मारणार.

"आजी, पानं कुठेयत?"

"झाडली."

"सगळी?"

"एक तरी दिसतंय का बघ," मी म्हणाले. छाती फुगवूनच म्हणाले.

पोरीने अंगण बघितलं, मग बूट बघितले, आणि गाडीत जाऊन बसली. रडली असती तर मी गप्प केली असती. न रडणाऱ्या पोराचं काय करायचं हे मला आजवर कळलेलं नाही.

चहा झाल्यावर सूनबाईने फिरायला जायची टूम काढली. तिचा शौकच आहे तो. काही आणायचं नाही, कोणाला भेटायचं नाही, नुसतं चालायचं आणि परत यायचं. मी गेले, कारण माझ्यामागे माझ्याविषयी बोलणं होईल त्यापेक्षा समोर झालेलं बरं.

ओढ्याकाठची वाट पानांनी भरली होती. पिवळी, तांबडी, चामड्यासारखी तपकिरी. ऊन तिरपं, कोवळं. झुडपांमधून कोळ्याचे धागे चमकत होते, आणि मोडक्या ओंडक्यावर अळंब्या उगवल्या होत्या, एकीला एक चिकटून. हे वाकून बिया वेचत होते. घरातलं काही वाकून उचलायचं असलं की मात्र कंबर आठवते.

मुलगा माझ्या बाजूने चालायला लागला. "आई, सगळं बघितलं मी. एकही काम राहिलेलं नाही."

"मग?"

"मग काय? म्हणजे तू शिडीवर चढलीस. या वयात. त्याचीच मला धास्ती आहे. पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊन येतो सामान न्यायला."

घ्या. काम राहिलं असतं तर होत नाही म्हणाला असता, झालं तर कशाला केलंस म्हणतो. चाल मात्र मी मोडली नाही. पुढे नात वाटेवरची पानं खिशांत कोंबत होती. कशाला गं, विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या अंगणात टाकायला. तुमच्याकडे नाहीयेत ना."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी शेडमागे गेले आणि गोण्या ओढत अंगणात आणल्या. पहिली उपडी केली, दुसरी केली. तिसरीचं तोंड सोडत होते, तर पायरीवर सूनबाई. तोंडात दात घासायचा ब्रश.

"आई, काय करताय?"

"दिसत नाही? पाला टाकतेय."

"तुम्हीच झाडला होता ना तो?"

"मग माझाच आहे. वाटेल तेव्हा झाडीन, वाटेल तेव्हा टाकीन."

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला लख्ख दिसलं. आई पहाटे अंगणात कचरा ओततायत, एवढं तिने आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, की टेम्पो त्याच दिवशी दारात. खरं सांगण्याची वेळ माझ्यावर फार येत नाही.

"पोरीला उड्या मारायच्यात," मी गोणीकडे बघत म्हणाले.

सूनबाई पायरीवर बसली आणि ब्रश हातात धरून हसत सुटली. मग म्हणाली, "आई, रागावू नका. तुम्ही आमच्याकडे आलात तर आठवड्यात आपण एकमेकींच्या झिंज्या उपटू."

"आठवडा कशाला लागतोय? तू भांडी ज्या रीतीने लावतेस ना, दुसऱ्या दिवशीच."

"तेच म्हणतेय मी. तुमच्या लेकाला काहीतरी करायला द्या. इथे येऊन नुसते खिशात हात घालून फिरतायत. हातांना काम नाही म्हणून तुम्हालाच उचलून न्यायला निघालेत."

"काम आणू कुठून? सगळं झालंय."

तिने वर पन्हळीकडे बघितलं. मीही बघितलं. या मुलीला इतकं डोकं आहे हे मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं.

ती गोणीतला पाला घेऊन चढली, शिडी मी धरली. "मधे नको कोंबू, मधे कधी तुंबत नाही," मी खालून सांगत होते. "दोन्ही टोकांना, पाणी उतरतं तिथे. नीट दाब. आणि तांब्याभर पाणी ओत, कोरडा पाला कोणाला खरा वाटेल?"

"आई, शिडी धरा फक्त."

सगळे उठले तेव्हा नात ढिगात कंबरेपर्यंत बुडाली होती. हे दारात येऊन म्हणाले, "अरे, पण हा पाला तर मी गोण्यांत," आणि मी त्यांच्या तोंडात बिस्कीट घातलं.

"रात्री वारा सुटला होता," मी मुलाला सांगितलं.

"एवढा?"

"एवढा."

त्याने मान वर केली. पन्हळीच्या काठावरून पानं लोंबत होती. बाह्या सरसावून तो चढला आणि वरून ओरडला, "आई, गच्च भरलीय ही! तू वरवर काढलंस सगळं."

वरवर! मी! पन्हळ उपसून माझी नखं अजून काळी होती. जीभ दातांपर्यंत आली. शिडीखालून सूनबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

"नाही रे जमत मला आता ते," मी म्हणाले. यांच्या हातातला कप बशीवर खडखडला.

मुलगा खाली उतरला तेव्हा कोपरापर्यंत चिखलात होता आणि परीक्षेत पहिला आल्यासारखा हसत होता. "सामानाचं राहू दे आता. दर पानगळीला मी येत जाईन. पण तू शिडीला हात लावायचा नाहीस. कबूल?"

"कबूल."

पन्हळीच्या पलीकडच्या टोकाला आम्ही कोंबलेला पाला त्याने तसाच सोडलाय. पाऊस झाला की तिथून मागच्या दारावर टपटप गळतं. हे विचारतात, शिडी आणू का. मी त्यांना गप्प बसवते आणि खाली बादली ठेवते. मुलाचा फोन आला, पन्हळ कशी आहे म्हणून, की सांगते, "अरे, थेंब गळत नाही. तू केलेलं काम ते." आणि भरलेली बादली ओतायला जाते.