जिंकणाऱ्याची कोंडी

अम्मानच्या लुवैबदा टेकडीवर वहीब यांच्यासमोर बॅकगॅमनचा पट मांडायला लोक कचरत. कॅफेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण खरी मर्दुमकी चालायची ती घरात, पोटच्या पोरीवर. लहानगी रुदैना हरली, की पाहुण्यांपुढे कॉफीचा ट्रे तिनंच न्यायचा, आणि बाप ओरडायचा, "या, हरकीबाई आल्या!" पाहुणे हसत. आई सुहैला खाली मान घालून कप विसळत राही.

मोठेपणी रुदैना कम्प्युटरवरचे खेळ बनवू लागली. एका शुक्रवारी, मक्लूबाचा भात जेवून झाल्यावर, तिनं नवा खेळ टॅबलेटवर बापापुढे ठेवला. दोन ठोकळे, वाटेत दगड. दगड सारत जो आधी फाटकाला शिवेल त्याचा डाव. आणि बक्षीस म्हणून त्याच्या ठोकळ्याला एका बाजूनं भिंत.

"एवढंच? पोराटोरांचं काम आहे हे," वहीब म्हणाले. "बस समोर."

ते जिंकले. पुन्हा जिंकले. "अगं, स्वतःच्याच खेळात माती खातेस?"

ती मुकाट हरत गेली. शेवटच्या डावाला म्हाताऱ्याचा ठोकळा चारी भिंतींत बंद झाला आणि वर अक्षरं उमटली : मुबारक, तुम्ही जिंकलात. रुदैनाचा ठोकळा मोकळ्या माळावर निघून गेला.

"आता बाहेर कसं यायचं?"

"यायचं कशाला, बाबा? जिंकलात ना!"

"काहीतरी मेख असणार. सांग."

"शोधा की. तुम्हाला मी काय शिकवणार?"

मेख होती, आणि साधीच होती. बोट उचलून थोडा वेळ गप्प बसलं, की भिंती आपसूक पडत. पण वहीब यांचं बोट काही थांबेना. आजारपणानंतर कापणारं ते बोट काचेवर आपटत राहिलं. चहा निवून गेला.

स्वयंपाकघरात सुहैलानं लेकीचा दंड धरला. "सांगून टाक गं. म्हातारं माणूस आहे."

"मी पोर होते, यम्मा. तेव्हा कुणी सांगितलं?"

टॅबलेट तिथंच सोडून ती निघून गेली.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. "जेवत नाहीत, झोपत नाहीत. नख काळंनिळं झालंय. थांब, त्यांनाच देते."

"रुदैना," बापाचा आवाज चिरकला होता, "हरलो म्हण हवं तर. पण यातून काढ." मागं काचेवर टकटक चालूच होती.

"छान खेळताय, बाबा. चालू द्या," म्हणून तिनं फोन ठेवला.

अखेर सुहैलानं टॅबलेट पिठाच्या डब्यात दडवला. पुढच्या शुक्रवारी रुदैना आली, तेव्हा वहीब जेवणाच्या टेबलाशी बसून मेणकापडावरच बोट सरकवत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांनी मान वर केली नाही.

रुदैनानं ताट ओढून घेतलं. त्या घरात तिला अशी भूक कधी लागलीच नव्हती. "यम्मा," ती म्हणाली, "भात आणखी वाढ."

सुहैलानं पातेलं तिच्यापुढे आदळलं आणि ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली.