सांद्रोच्या नावाचा निवारा

"काकू, उठा आता. मला ड्रिल मारायचंय." लोरिस तिसऱ्यांदा म्हणाला.

नीवेसवहिनी उंबऱ्यात बसली होती, ती काही हलली नाही. पिशवीतून चीजचा तुकडा काढून सुरीने कापत राहिली. "मार की! डॉक्टरने गुडघ्यात एवढं लोखंड घातलंय, त्यात तुझा एक स्क्रू."

मला हसू फुटलं. लोरिस माझ्यावर घसरला. "एर्मेसकाका, हसता काय? समजवा तुमच्या वहिनीला."

"मी? अरे, माझ्या भावाचं तिने जन्मात ऐकलं नाही. मी कोण लागून गेलो?"

उंबरा होता डोंगरावरच्या निवाऱ्याचा. निवारा म्हणजे काय, तर लाल पत्र्याची एक खोली, तारांनी कातळाला जखडलेली. आत फळ्यांचे बिछाने आणि घोंगड्या. राखणदार नाही, कुलूप नाही. वादळात सापडलेला जो येईल त्याने दार ढकलावं, अंग टेकावं आणि जाताना झाडून जावं. आमच्या खोऱ्यात हे असंच चालत आलंय. दारावर पाटी सांद्रोच्या नावाची. सांद्रो वहिनीचा एकुलता एक. याच उतारावर बर्फाच्या वादळात गारठून गेला. पोर असं गेलं की आमच्याकडे आईबाप त्याच्या नावाने निवारा बांधतात. वहिनी इस्पितळाच्या धोबीखान्यात राबत होती, भाऊ लाकडाच्या वखारीत. दोघांची पुंजी इथे लागली. भाऊ गेल्यावरही दर वर्षी वहिनी घोंगड्या खाली आणून धुते आणि माझ्या पाठीवर लादून वर पाठवते.

या उन्हाळ्यात शहरातली काही टोळकी वर येऊन प्यायली, बाकडं जाळून शेकत बसली. झालं, आमचं गिर्यारोहण मंडळ खडबडून जागं झालं. एरवी ते फक्त जेवणावळीला जागं असतं. ठराव काय, तर दाराला आकड्यांचं कुलूप. फोनवर नोंदणी करायची, मग आकडा मिळणार. ते बसवायला मंडळाने लोरिसला धाडलं होतं.

"इथे फोन लागतो?" वहिनीने विचारलं.

"खिंडीत लागतो."

"म्हणजे पाय मोडलेल्याने आधी खिंड चढायची, आकडा घ्यायचा, मग परत येऊन जीव वाचवायचा. वा रे शहाण्यांनो!"

"तुमच्या घोंगड्यांवर ओकले होते ते लोक, काकू! मी खाली आणल्या, मला विचारा वास."

"आणि मी धुतल्या. ओकारी धुतली की जाते, लोरिस."

पोरगा वाईट नाही तो. पोरगा कसला, डोक्याचं टक्कल झालंय, पण सांद्रोच्या बरोबरीचा, म्हणून आमच्यासाठी पोरगाच. ड्रिल खाली ठेवून तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"काकू, ऐका. कुलूप नाही लावलं तर मंडळ हात वर करणार. यादीतून निवारा जाईल, नकाशातून नाव जाईल. पाटी मंडळाच्या ठरावाने लागलेली, तीही उतरवायला लावतील. सांद्रोचं नाव पुसलं जाईल हो. मला ते बघवणार नाही."

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या पोराचं नाव पुढे करून आईला नमवायला निघाले होते, हलकट लेकाचे! मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी कण्हत उठली. मला वाटलं, संपलं, हरली बिचारी.

"स्क्रूड्रायव्हर दे," ती म्हणाली.

लोरिसला कळेना. तिने तो त्याच्या पट्ट्यातून स्वतःच ओढला आणि पाटीला लावला. गंजलेले स्क्रू, दात-ओठ खाऊन फिरवत होती. शेवटचा हटेना.

"तू काढ," ती लोरिसला म्हणाली.

"माझ्याच्याने नाही होणार, काकू." त्याने तोंड फिरवलं.

मग तिनेच काढला. पाटी छातीशी धरून क्षणभर उभी राहिली. डोळे भरून आले होते, आवाज मात्र खणखणीत. "तो आला तेव्हा इथे दारच नव्हतं. आता आहे, तर ते मी बंद करू देऊ? नावासाठी?"

"मंडळाला काय सांगू मी?"

"सांग, म्हातारी पाटी घेऊन गेली."

लोरिसने कुलूप पिशवीत टाकलं.

आम्ही उतरू लागलो तोवर धुकं खालून वर आलं होतं. वळणावर एक जोडपं भेटलं, परकं, चिंब भिजलेलं. बाई लंगडत होती.

"आजी, सांद्रोचा निवारा कुठे आहे हो?" नवऱ्याने नकाशा पुढे केला.

"त्या नावाचा निवारा आता नाही," वहिनी म्हणाली. बाईचा चेहरा पडला. "पण असेच वर जा. लाल पत्रा दिसेल. दार उघडंच आहे, नुसतं ढकला. घोंगड्या धुतलेल्या आहेत."

ते दोघं धुक्यात दिसेनासे होईपर्यंत ती थांबली, मग चालू लागली. पिशवीतल्या पाटीचा कोपरा तिच्या पाठीला टोचत होता. मी घेतो म्हटलं, तर देईना.